सीनाकाठच्या माळवदावरून: राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, मुंबई.

विषय: सोलापूर जिल्ह्यात पावसाळ्याच्या काळात हेलिकॉप्टर बचाव पथक तैनात ठेवण्याबाबत.

महोदय,

मी भारतीय वायुसेनेतून निवृत्त झालेला तंत्रज्ञ आहे. माझ्या नोकरीची बरीच वर्षे चेतक हेलिकॉप्टरच्या देखभालीत गेली. निवृत्तीनंतर मी जुळे सोलापूर भागात राहतो. मात्र माझे मूळ गाव मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठी आहे आणि माझा धाकटा भाऊ गावापासून दीड किलोमीटरवर शेतातल्या वस्तीवर आजही कुटुंबासह राहतो. हे पत्र मी त्या वस्तीमुळे लिहीत आहे, आणि ज्या यंत्रावर माझे हात काळे झाले त्या यंत्राचा इतिहास मला थोडाफार ठाऊक आहे म्हणूनही लिहीत आहे.

सप्टेंबर २०२५ च्या चौथ्या आठवड्यात अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत पडलेला पाऊस आणि सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या प्रकल्पांतून सोडावे लागलेले पाणी एकाच वेळी सीनेच्या पात्रात उतरले. भीमेच्या पुराची आमच्या जिल्ह्याला सवय आहे. उजनीतून किती क्युसेक पाणी सोडले हे आधी कळते आणि त्या आकड्यावरून पंढरपूरचा जुना माणूस पाणी कोणत्या घाटाच्या कोणत्या पायरीला लागेल हे सांगू शकतो. सीनेचे तसे नाही. एरवी उन्हाळ्यात कोरडी पडणारी ही नदी; तिच्या भरवशावर लोकांनी अगदी काठापर्यंत ऊस लावला आणि उसाच्या मधोमध वस्त्या बांधल्या. माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर या तालुक्यांतली गावे तेव्हा पाण्याने वेढली गेली आणि लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला.

माझ्या भावाचे घर माळवदाचे आहे. ज्यांनी माळवद पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो, की लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर चढवून केलेले ते सपाट छप्पर असते. उन्हाळ्यात त्याच्यासारखा गारवा दुसऱ्या कशात नाही, पण दोन-तीन दिवस सलग पाऊस लागला की ती माती पाणी पिते, तिचे वजन वाढत जाते आणि तुळया करकरू लागतात. त्या रात्री माझा भाऊ, भावजय, त्यांची दोन मुले, सून, चार वर्षांचा नातू आणि ऐंशी वर्षांची आमची आई असे सात जण त्या माळवदावर बसून होते. खाली दारात छातीएवढे पाणी आणि वर भिजलेली माती. रात्री अकराच्या सुमारास भावाचा फोन आला आणि त्याने एवढेच विचारले, "अण्णा, तुमच्या खात्याचं हेलिकॉप्टर येतंय का वो?"

मला उत्तर देता आले नाही. मी मिळतील ते क्रमांक लावत राहिलो. जे कोणी फोन उचलत होते ते सौजन्याने बोलत होते, वस्तीचा गट नंबर लिहून घेत होते आणि पुढचा क्रमांक देत होते. त्यात कोणाचाही हलगर्जीपणा मला दिसला नाही. पहाटे गावातल्या पोरांनी एक होडी मिळवली, उसाच्या शेंड्यांवरून ती रेटत वस्तीपर्यंत नेली आणि तीन फेऱ्यांत सातही जणांना बाहेर काढले. त्या पोरांचे उपकार आमच्या घराण्यावर राहतील. त्याच दिवसांत शेजारच्या परंडा तालुक्यात पुरात अडकलेल्या माणसांना लष्कराच्या हेलिकॉप्टरने उचलले, हे वाचून मला आनंदच झाला. मात्र भावाच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हापासून शोधावेसे वाटले आणि ते शोधताना मी ज्या इतिहासाकडे पुन्हा वळलो, तो आपल्यासमोर मांडण्याची परवानगी घेतो.

हेलिकॉप्टरने माणूस वाचवण्याची गोष्ट फार जुनी नाही. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात जपानी सैन्याच्या मागे उतरलेल्या एका विमानाचा वैमानिक आणि त्याच्यासोबतचे तीन जखमी ब्रिटिश सैनिक यांना कार्टर हार्मन या अमेरिकी लेफ्टनंटने सिकोर्स्की कंपनीच्या लहानशा हेलिकॉप्टरमधून बाहेर काढले. त्या यंत्राची ताकद इतकी कमी होती, की एका वेळी एकच माणूस नेता येत असे आणि उष्ण, दमट हवेत इंजिन तापल्यामुळे मध्येच थांबावे लागत असे. नोव्हेंबर १९४५ मध्ये अमेरिकेच्या कनेक्टिकट किनाऱ्यावर वादळात खडकावर अडकलेल्या बार्जवरून दोन माणसांना दोराने वर ओढून घेतले गेले. विंचने, म्हणजे दोर गुंडाळून माणसाला वर ओढणाऱ्या यंत्राने, केलेला तो पहिला नागरी बचाव मानला जातो. यंत्र आले, विंच आला. तरीही त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी पश्चिम युरोपातल्या आल्प्स पर्वतरांगेत जे घडले, त्यातून मला माझ्या भावाच्या प्रश्नाचे उत्तर सापडले.

डिसेंबर १९५६ मध्ये जाँ व्हँसाँदों हा फ्रेंच आणि फ्रांस्वा आँरी हा बेल्जियन, असे विशीतले दोन तरुण माँ ब्लाँ शिखराच्या हिवाळी चढाईला निघाले. नाताळात वादळ आले आणि उतरताना ते चार हजार मीटरच्या आसपासच्या हिमपठारावर अडकले. खाली शामोनी गावातून दुर्बिणीने ते दिसत होते. वर्तमानपत्रांचे बातमीदार जमले, सगळा देश वाट पाहू लागला. मात्र त्यांना आणायला जायचे कोणी, हे कुठेही ठरलेले नव्हते. स्थानिक मार्गदर्शकांची संघटना हिवाळ्यात तो धोका पत्करायला तयार नव्हती, पर्वतीय सैनिकी शाळा आपल्या माणसांचा विचार करत होती, वायुसेना हवामान निवळण्याची वाट पाहत होती. लिओनेल तेरे या नामवंत गिर्यारोहकाला हे सहन झाले नाही आणि तो आपल्या जबाबदारीवर तुकडी घेऊन चढू लागला. हवामानापुढे त्यालाही परतावे लागले. ३१ डिसेंबरला वायुसेनेचे मोठे सिकोर्स्की हेलिकॉप्टर अखेर त्या पठारावर पोहोचले, पण उतरताना पात्यांच्या वाऱ्याने उडालेल्या भुसभुशीत बर्फात वैमानिकांना दिसेनासे झाले आणि यंत्र कलंडले. आता वर दोनऐवजी सहा माणसे झाली. हेलिकॉप्टरमधल्या चौघांना वाचवणे प्रथम आले आणि हातपाय गोठलेल्या त्या दोन तरुणांना मोडक्या हेलिकॉप्टरच्या आत ठेवून, परत येतो असे सांगून, बाकीच्यांना निघावे लागले. कोणीही परत जाऊ शकले नाही. त्यांचे मृतदेह मार्च १९५७ मध्ये खाली आणले गेले.

या घटनेतील एक तपशील मला आजही बोचतो. अडकलेल्या बचाव पथकाला ३ जानेवारी १९५७ रोजी ज्या हेलिकॉप्टरांनी सुखरूप खाली आणले, ती आलुएत जातीची, टर्बाइन इंजिनाची छोटी हेलिकॉप्टरे होती. त्यांपैकी एक जाँ बुले चालवत होता. याच बुलेने केवळ सहा महिन्यांपूर्वी, जुलै १९५६ मध्ये, त्याच पर्वतावरच्या ४,३६२ मीटर उंचीच्या निवाऱ्यातून एका अत्यवस्थ माणसाला त्याच जातीच्या हेलिकॉप्टरने खाली आणले होते. म्हणजे त्या उंचीवर जाऊ शकणारे यंत्र फ्रान्समध्ये होते, ते चालवणारा हात होता, तो सिद्धही झालेला होता. पण त्या यंत्राने नाताळच्या रात्री कुठे उभे असावे, त्याला कोणी बोलवावे आणि त्याने कोणाचा आदेश मानावा, हे कुठेही लिहिलेले नव्हते. यंत्र होते, सेवा नव्हती.

फ्रान्सने ही चूक मान्य केली आणि फार वेळ न घालवता दुरुस्त केली, हे त्या देशाच्या श्रेयाचे आहे. १९५७ मध्ये त्यांच्या गृहमंत्रालयाच्या नागरी संरक्षण विभागाखाली सरकारी हेलिकॉप्टर दलाची स्थापना झाली. हे दल लष्कराच्या सवडीवर चालत नव्हते. लोकांना वाचवणे हेच त्याचे रोजचे काम होते. ऑगस्ट १९५८ मध्ये शासकीय परिपत्रक काढून पर्वतीय बचावाची जबाबदारी प्रत्येक जिल्ह्याच्या प्रिफेक्टवर, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारख्या अधिकाऱ्यावर, सोपवण्यात आली. त्या काळच्या फ्रान्सला कोणी नवे यंत्र शोधून दिले नव्हते. कोणी कोणाला बोलवायचे आणि बोलावल्यावर कोण निघणार, याचा निर्णय झाला होता आणि त्या निर्णयासाठी एक दल उभे केले गेले होते. ते दल आजही चालू आहे. 'ड्रॅगन' या बोलावण्याच्या नावापुढे जिल्ह्याचा क्रमांक लावून त्याची लाल-पिवळी हेलिकॉप्टरे देशभरातल्या वीसहून अधिक तळांवर उभी असतात, जशी आपल्याकडे अग्निशामक दलाची गाडी उभी असते.

माझ्यासारख्या तंत्रज्ञाला या दलाची एक पद्धत विशेष भावते. त्यांच्या हेलिकॉप्टरमध्ये वैमानिकाच्या जोडीला जो दुसरा कर्मचारी असतो, तो मेकॅनिक असतो. जमिनीवर यंत्र तपासणारा, नटबोल्ट कसणारा तोच माणूस उड्डाणात दाराशी बसून विंच चालवतो आणि वैमानिकाला न दिसणारी खालची जागा त्याला शब्दांत सांगत राहतो: दोन मीटर पुढे, एक मीटर डावीकडे, थांबा. विंचच्या दोरावर लटकणाऱ्या माणसाचा जीव या दोघांच्या बोलण्यावर असतो. असे बोलणे आयत्या वेळी जमत नाही. ते एकाच जोडीने वर्षानुवर्षे सराव करून जमते. मी स्वतः चेतकच्या विंचची देखभाल केली आहे, आणि दोराच्या एका तुटक्या तारेसाठी संपूर्ण दोर बदलायला लावणारे वरिष्ठ मला लाभले, म्हणून हे मी खात्रीने लिहीत आहे.

चेतकचा उल्लेख इथे ओघाने आला, पण त्याचा या इतिहासाशी रक्ताचा संबंध आहे. माँ ब्लाँवर उतरलेल्या आलुएतची पुढची पिढी १९५९ मध्ये उडाली आणि तिच्या उत्पादनाचा करार भारताने १९६२ मध्ये केला. १९६५ पासून बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स कारखान्यात ती 'चेतक' या नावाने तयार होऊ लागली. तिचीच आणखी उंच जाणारी बहीण भारतीय सैन्याच्या गरजेवरून फ्रान्समध्ये घडवली गेली, १९७२ मध्ये त्याच जाँ बुलेने तिच्यातून १२,४४२ मीटर उंची गाठली आणि आपल्याकडे ती 'चीता' म्हणून सियाचीनच्या हिमनदीवरून जखमी जवानांना खाली आणत राहिली. फ्रान्सने ज्या यंत्राच्या बळावर नागरी बचाव सेवा उभी केली, ते यंत्र साठ वर्षे आपल्या घरात आहे. आपण ते वापरलेही मोठ्या हिमतीने. नागरी सेवा मात्र आपल्याकडे उभी राहिली नाही.

हिमतीचे दाखले द्यायचे तर पाने पुरणार नाहीत. ऑक्टोबर १९९२ मध्ये हिमाचलातील परवाणूजवळ रोपवेचा दोर तुटून पाळणा दरीवर लोंबकळला, तेव्हा सरसावा तळावरून आलेले एमआय-१७ हेलिकॉप्टर ग्रुप कॅप्टन फली होमी मेजर यांनी त्या तारांच्या वर स्थिर धरले आणि मेजर इव्हान जोसेफ क्रास्टो दोराने पाळण्यावर उतरले. अंधार पडल्यावर काम थांबवावे लागले, तेव्हा क्रास्टो परत वर आले नाहीत; उरलेल्या प्रवाशांना धीर देत ती रात्र त्यांनी त्याच पाळण्यात काढली आणि सकाळी सगळ्यांना पाठवून मग स्वतः निघाले. दहा माणसे वाचली. जून २०१३ मध्ये उत्तराखंडात वायुसेनेने १९ हजारांहून अधिक माणसे हलवली आणि त्याच कामगिरीत गौरीकुंडजवळ एक हेलिकॉप्टर कोसळून २० जवानांनी प्राण दिले. त्यांत वायुसेनेचे होते, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे होते, भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचेही होते.

हे काम किती नाजूक आहे हे एप्रिल २०२२ मध्ये झारखंडातील त्रिकुट रोपवेवरही दिसले. चाळीसहून अधिक माणसांची सुटका झाली, पण सुटकेच्या प्रयत्नांत दोन जण खाली पडून दगावले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोरबंदरजवळ एका तेलवाहू जहाजावरील जखमी माणसाला आणायला निघालेले तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर समुद्रात पडले. फ्रान्सच्या नागरी दलालाही ही किंमत चुकलेली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये पुराच्या कामगिरीवर निघालेले त्यांचे हेलिकॉप्टर मार्सेजवळ रात्री कोसळले आणि तिन्ही कर्मचारी गेले. म्हणून 'एक हेलिकॉप्टर पाठवून द्या' अशी मागणी मी करत नाही. दूरवरच्या तळावरून, अनोळखी मुलखात, विजेच्या तारा कुठून जातात हे ठाऊक नसताना, खराब हवामानात येणारा वैमानिक आपला जीव पणाला लावत असतो. त्याचा धोका कमी करणेही आपल्याच हाती आहे.

आपल्या देशात समुद्रातल्या बचावाची जबाबदारी तटरक्षक दलाकडे स्पष्टपणे दिलेली आहे. जमिनीवरचे चित्र तसे नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणावर टाकली, म्हणजे फ्रान्सने १९५८ मध्ये केले त्यातले अर्धे काम आपण केले आहे. उरलेले अर्धे राहिले आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती हेलिकॉप्टर नाही; राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाकडेही स्वतःचे हवाई पथक नाही. पुण्याजवळच्या सुदुंबरे येथून त्या दलाच्या बोटी रस्त्याने येतात आणि तो रस्ताच लांबोटीजवळ पाण्याने अडलेला असू शकतो. हेलिकॉप्टर हवे असेल तर विनंती वर जाते आणि तिथून सैन्यदलांकडे जाते. सैन्याच्या हेलिकॉप्टरांचा तळ असलेल्या नाशिकहून सोलापूरपर्यंतचे हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे. चेतकच्या वेगाने ते जवळजवळ दोन तासांचे होते, आणि त्याआधी विनंतीचा प्रवास, इंधन, हवामानाची परवानगी हे सगळे असते. भिजणारे माळवद एवढा वेळ देईलच असे नाही.

सोलापूरलाच हे का हवे, असा प्रश्न आपल्या बैठकीत निघेल आणि तो रास्त आहे. कोकणाला, कोल्हापूर-सांगलीला आमच्यापेक्षा जास्त पूर येतात, हे मला मान्य आहे. त्यांना समुद्रावरचे तळ किंवा पुणे तुलनेने जवळ आहे, असे म्हणून मी त्यांचा हक्क डावलू इच्छित नाही. मी एवढेच म्हणतो, की भीमा आणि सीना या दोन नद्यांमध्ये अडकलेला हा जिल्हा धाराशिव, लातूर आणि बीडच्या दक्षिण भागालाही तासाभराच्या आत पोहोचेल अशा जागी आहे. होटगी रस्त्यावरचा विमानतळ जून २०२५ पासून प्रवासी विमानांसाठी सुरू झाला आहे. धावपट्टी आहे, अग्निशमन व्यवस्था आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात सोलापूरच्या रुग्णालयांनी जखमींना सामावून घेतले, हे माझ्या पिढीला आठवते. आषाढी वारीला पंढरपुरात लाखो माणसे एकत्र येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीत तिथल्या कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात बुडाली आणि सहा जण गेले. या प्रत्येक वेळी हेलिकॉप्टरने माणसे वाचली असती असा दावा मी करणार नाही. शोध, प्रकाशझोत, जखमींची वाहतूक या कामांसाठी ते जवळ असणे उपयोगाचे ठरले असते, इतके मात्र निश्चित.

खर्चाचा मुद्दा मी टाळत नाही. हेलिकॉप्टर उभे ठेवणे महाग आहे आणि पूर वर्षातून फार तर काही दिवस येतो. म्हणूनच माझी मागणी वर्षभराची नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत विंच बसवलेले एक हेलिकॉप्टर सोलापूर विमानतळावर असावे, मग ते सैन्यदलांशी करार करून आणा, केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सीमा सुरक्षा दलाच्या हवाई शाखेकडून मागा किंवा नागरी कंपनीकडून भाड्याने घ्या. त्यासोबतचे कर्मचारी मात्र बदलते असू नयेत. संपूर्ण हंगामात तीच माणसे इथे राहावीत, त्यांनी सीनेचा आणि भीमेचा काठ उन्हात पाहून ठेवावा, उच्चदाबाच्या तारा, मोबाईलचे मनोरे, साखर कारखान्यांच्या चिमण्या नकाशावर मांडाव्यात. पुराचे दिवस नसतील तेव्हा अपघातातले आणि हृदयविकाराचे रुग्ण पुण्याला पोहोचवण्यासाठी तेच हेलिकॉप्टर वापरता येईल. फ्रान्समध्येही हेच घडते. रुग्णवाहतूक आणि शोधकार्य यांमुळे कर्मचाऱ्यांचा हात वर्षभर चालता राहतो. जून २०१० मध्ये त्यांच्या 'वार' नावाच्या जिल्ह्यात एका रात्रीत महापूर आला, तेव्हा नागरी दल आणि सैन्य यांनी मिळून हजाराहून अधिक माणसांना हेलिकॉप्टरने सुरक्षित स्थळी नेले, ते या चालत्या हाताच्या जोरावर.

हेलिकॉप्टर बोलावण्याचा अधिकार पावसाळ्याच्या पाच महिन्यांपुरता थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे असावा, ही माझी सर्वांत आग्रहाची विनंती आहे. उडायचे की नाही हे हवामान पाहून वैमानिकानेच ठरवावे. त्याच्यावर कोणी दडपण आणू नये. मात्र बोलावणे आणि उड्डाण यांच्यामध्ये तिसरी सही असू नये.

आणखी एक गोष्ट आहे, तिला पैसा जवळजवळ लागत नाही. आमच्या भागात लोक गावठाणापेक्षा वस्त्यांवर जास्त राहतात. वस्तीला पत्ता नसतो. 'ओढ्याच्या पलीकडे, जाधवांच्या विहिरीच्या वर' एवढ्यावर टपालही पोहोचते, पण आकाशातल्या वैमानिकाला ओढा दिसत नाही, कारण ओढा, पाणंद आणि ऊस यांवर एकच पाणी पसरलेले असते. गट नंबर सांगून उपयोग नाही. त्याला अक्षांश-रेखांश लागतात. नदीकाठच्या प्रत्येक वस्तीला एक क्रमांक द्यावा, तिचे अक्षांश-रेखांश तलाठी आणि ग्रामपंचायतीकडून एकदा नोंदवून घ्यावेत आणि तो क्रमांक घराच्या छतावर किंवा पाण्याच्या टाकीवर वरून दिसेल अशा मोठ्या अक्षरांत रंगवावा. ज्याचा फोन लागेल त्याने फक्त क्रमांक सांगावा. प्रत्येक गावाच्या उंच भागात शाळेचे पटांगण किंवा गायरानाचा तुकडा तारा आणि झाडे यांपासून मोकळा ठेवून उतरण्याची जागा म्हणून निश्चित करावा.

गावकऱ्यांना चार गोष्टी सांगणेही तितकेच जरूरीचे आहे आणि त्या ग्रामसभेत तासाभरात सांगता येतात. हेलिकॉप्टर डोक्यावर आले की पात्यांचा वारा सुटे पत्रे आणि ताडपत्री उडवतो, आणि उडालेला पत्रा माणसाला कापतो, म्हणून ते आधी दाबून किंवा बांधून ठेवावेत. वरून सोडलेल्या दोराच्या हुकात स्थिर वीज साठलेली असते, म्हणून तो जमिनीला किंवा पाण्याला टेकेपर्यंत कोणी हात लावू नये. मदत हवी असेल तर दोन्ही हात वर पसरून उभे राहावे. एकच हात हलवला तर वैमानिक गोंधळतो. जमिनीवर उतरलेल्या हेलिकॉप्टरच्या शेपटीकडून कधीही जवळ जाऊ नये. आणि माळवदावर हेलिकॉप्टर उतरू शकत नाही, ते छपराला पेलणार नाही. म्हणून विंच नसलेले हेलिकॉप्टर आमच्या वस्त्यांच्या कामाचे नाही, ही गोष्ट मी आपल्यासाठी पुन्हा लिहितो.

बोटींचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पुरातली बहुतेक माणसे बोटीनेच निघतात आणि पुढेही निघतील. माझे कुटुंब होडीनेच निघाले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसल्याने बोट उलटली, तेव्हा घरातून सुटलेली माणसे वाटेत गेली, हेही विसरता येत नाही. पुराच्या पाण्यात उभा ऊस बोटीच्या पंख्यात अडकतो, द्राक्षबागांच्या तारा पाण्याखाली दिसत नाहीत. आजारी, गरोदर, वयोवृद्ध माणसे आणि प्रवाहाच्या मधोमध अडकलेल्या वस्त्या एवढ्यांसाठी तरी आकाशातून येणारा मार्ग हाताशी असावा.

आपला प्रस्ताव तयार होईपर्यंत मी थांबलेलो नाही. आमच्या गावच्या शिवारातील सीनाकाठच्या वस्त्या मी आणि गावातल्या त्याच पोरांनी उन्हाळ्यात फिरून मोजल्या. एकूण ४१ वस्त्यांचे अक्षांश-रेखांश, प्रत्येक वस्तीवरील माणसांची संख्या, त्यांतील वयोवृद्ध आणि लहान मुले, छप्पर माळवदाचे, पत्र्याचे की स्लॅबचे, आणि जवळून जाणाऱ्या विजेच्या तारा यांची यादी या पत्राच्या मूळ प्रतीसोबत आपल्या कार्यालयाकडे आणि जिल्हा प्राधिकरणाकडे पाठवली आहे. माझ्या अनुभवाचा उपयोग होणार असेल तर अशाच याद्या इतर गावांत करून देण्यासाठी मी विनामोबदला फिरायला तयार आहे. आमच्या यादीत भावाच्या वस्तीचा क्रमांक १७ आहे. तो त्याने गेल्या आठवड्यात पांढऱ्या रंगाने टाकीवर लिहून घेतला.

आपला नम्र,
एक निवृत्त वायुसैनिक
जुळे सोलापूर